सौर डबीतला अब्राहाम : मराठी शास्त्रश्रवण यंत्राचा सहा महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजून नऊ आहेत आणि त्यांपैकी तीन घरांत आता ती हिरवी डबी वाजते. मुठीत मावेल एवढी, पाठीवर काळी सौर पट्टी, पुढे जाळी, बाजूला मेमरी कार्डाची खाच आणि डोक्यावर लहानसा टॉर्च असे तिचे रूप आहे, आणि आत संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत, नाट्यरूपाने ध्वनिमुद्रित केलेले आहे. मी ती दिवाळीनंतर अमरावतीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून १,३५० रुपयांना घेतली. कारण आई होती. तिने आयुष्यभर काळ्या पुठ्ठ्याचे शास्त्र रोज उघडले. आता तिच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली तरी दुसरा काचबिंदूने गेला, आणि ८१ व्या वर्षी तिला अक्षरांऐवजी नुसत्या ओळींच्या काळ्या रेघा दिसतात.

सबंध शास्त्र ऐकून मत द्यायचे तर वर्ष जाईल, म्हणून मी परीक्षेसाठी एकच माणूस निवडला. शास्त्रातले पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याच्या १२ व्या अध्यायापासून २५ व्या अध्यायापर्यंतची अब्राहामाची कथा सुमारे सव्वा तासात ऐकून होते आणि ती मी या सहा महिन्यांत अनेकदा, कधी आईच्या खाटेशेजारी बसून तर कधी हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर, ऐकली आहे. निवडीचे दुसरेही कारण आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही ज्याला आपला पूर्वज मानतात तो हा माणूस राजवाड्यात किंवा मठात राहिलेला नाही. गुरे, विहिरी, तंबू, दुष्काळ, पाहुणे आणि जमिनीचा सौदा यांतच त्याचे आयुष्य गेले आहे, त्यामुळे गावाच्या कानाला त्याच्याविषयी खोटे सांगणे अवघड जाते. ध्वनिमुद्रण कुठे खरे उतरले आणि कुठे घसरले हे जितके या कथेत कळते तितके दुसऱ्या कशात कळेल असे मला वाटत नाही.

यंत्राविषयी आधी थोडक्यात सांगतो. बटणे उंच आणि वेगवेगळ्या आकारांची आहेत, त्यामुळे आई ती चाचपून ओळखते. हिवाळ्यात दिवसभर अंगणात ठेवल्यास डबी सहा-सात तास चालते, पावसाळी हवेत मात्र सौर पट्टीचा उपयोग नसतो आणि मोबाईलचा चार्जर लावावा लागतो. खोलीत आवाज स्वच्छ येतो. शेतात तो पूर्ण वाढवला की फाटतो. सर्वांत मोठा दोष असा की बंद केल्यावर आपण कुठे थांबलो होतो हे डबी विसरते आणि पुन्हा चालू केली की थेट आकाश व पृथ्वी यांच्या निर्मितीपासून सुरुवात करते. आईने या सहा महिन्यांत सृष्टीचे सहा दिवस किती वेळा ऐकले असतील याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

आता अब्राहाम. कथेची सुरुवात ज्या आज्ञेने होते ती, म्हणजे देश, भाऊबंद आणि बापाचे घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा ही, निवेदकाने उगाच न रंगवता वाचली आहे आणि तिला लागूनच अब्राम (सतराव्या अध्यायात देव त्याचे नाव अब्राहाम आणि बायको साराय हिचे नाव सारा असे बदलतो) निघाल्याचे वाक्य आले आहे. मध्ये श्वासाइतकेच अंतर ठेवले आहे. हे मला फार पटले, कारण मूळ मजकुरातही त्या दोहोंमध्ये चर्चा नाही, शंका नाही, सारायेचा सल्ला नाही, निरोपाचे जेवण नाही. त्याचे वय तेव्हा ७५ वर्षांचे होते. खास्द्यांच्या ऊर नगरातून निघालेले कुटुंब बाप तेरह याच्यासह हारानात येऊन स्थिरावले होते, म्हणजे एकदा उखडलेले मूळ पुन्हा रुजले होते. आमच्याकडची पोरे पुण्याला कामाला निघतात तेव्हा निदान गाडीच्या पाटीवर गावाचे नाव असते. या माणसाला ते नावसुद्धा सांगितलेले नव्हते.

पण त्याच अध्यायात, वचन मिळालेल्या देशात पाय ठेवल्याबरोबर, दुष्काळ पडतो. यवतमाळच्या माणसाला हे वाक्य दोनदा ऐकावे लागत नाही. अब्राम मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, उतरतो आणि जीव वाचवण्यासाठी बायकोला बहीण म्हणवून घेतो, तिथला राजा फारो तिला वाड्यात नेतो, आणि तिच्यामुळे मेंढरे, बैल, गाढवे, उंट आणि दासदासी अब्रामाच्या पदरात पडतात. पुढे जवळजवळ चोवीस वर्षांनी गरारात अबीमलेख राजापुढे तो तेच करतो आणि ती माझ्या बापाची मुलगी आहे, आईची नव्हे, असा खुलासा देतो. रविवारच्या शाळेत आम्हाला हा भाग कोणी शिकवला नव्हता. ध्वनिमुद्रणात तो पूर्ण आहे, याबद्दल कर्त्यांचे आभार मानले पाहिजेत. तक्रार एवढीच की अब्रामाचा आवाज देणाऱ्या कलावंताने ही लबाडीही त्याच धीरगंभीर, खर्जातल्या स्वरात म्हटली आहे ज्या स्वरात तो वेदी बांधतो. घाबरलेला माणूस असा बोलत नाही. विश्वासाचा पिता म्हटला की त्याच्या गळ्यात ढग गडगडलेच पाहिजेत, ही समजूत दिग्दर्शकाने कुठून घेतली कोण जाणे.

तेराव्या अध्यायात अब्रामाच्या आणि पुतण्या लोटाच्या गुराख्यांचे भांडण होते, कारण कळप वाढले आणि चराई पुरेना. चुलता, वडीलधारा, ज्याला वचन मिळाले तो, पुतण्याला म्हणतो की तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू आधी निवड. लोट डोळे वर करून यार्देनेची पाण्याने भरलेली तळवट निवडतो. हा भाग मी जागलीला असताना लावला होता. शेजारच्या शेतातले दोघे विडी ओढायला येऊन बसले होते. आमच्या भागात दीड हात धुऱ्यासाठी सख्खे भाऊ दोन पिढ्या तारखांना जातात, हे तिघांनाही ठाऊक असल्यामुळे अध्याय संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, ‘‘पण मंग पानी त लोटालेच गेलं ना?’’ प्रश्न बरोबर होता. पाणी लोटालाच गेले. अब्रामाचा उदारपणा फुकटचा नव्हता. त्याने खरोखरच कोरडी बाजू घेतली.

चौदाव्या अध्यायात तलवारींचा खणखणाट एवढा भरला आहे की घरच्या ३१८ माणसांना घेऊन, लढाईत पकडून नेलेल्या लोटाला सोडवून आणणारा अब्राम त्यात हरवतो. मात्र त्यानंतर लोट राहत होता त्या सदोम शहराचा राजा लुटीचा माल देऊ करतो आणि अब्राम सुताचा धागा किंवा जोड्याचा बंदही घेणार नाही म्हणतो, ते वाक्य कलावंताने आवाज न चढवता म्हटले आहे. सबंध मुद्रणात मला त्याचे हे एक बोलणे सर्वांत जास्त अब्राहामाचे वाटले.

सोळाव्या अध्यायाविषयी गाऱ्हाणे आहे. माझ्या डबीतल्या कार्डावर हा अध्याय मध्येच तुटत होता, आणि नेमका अशा जागी की सारायेच्या जाचाला कंटाळून पळालेली तिची दासी, अब्रामापासून गरोदर असलेली हागार, रानातल्या झऱ्याजवळ बसली आहे आणि दूत तिला नावाने हाक मारतो. पुढे खरखर होऊन एकदम सतरावा अध्याय सुरू होई. म्हणजे त्या मिसरी दासीने देवाला ‘पाहणारा’ असे नाव ठेवले, ते आमच्या आईला ऐकूच येईना. विक्रेत्याला फोन केला, त्याने मुंबईकडे बोट दाखवले, मुंबईच्या वितरकाने पुन्हा विक्रेत्याकडे, आणि अठरा दिवसांनी टपालाने नवे कार्ड आले. ते ठीक चालते.

ते कार्ड आल्यावर आईने सोळावा आणि एकविसावा अध्याय लागोपाठ लावायला सांगितले. एकविसाव्यात सारेच्या आग्रहावरून अब्राहाम हागारेला आणि तिच्यापासून झालेला आपला मुलगा इश्माएल याला घराबाहेर काढतो. त्याला ही गोष्ट फार वाईट वाटली असे मजकूर सांगतो, देव त्याला तसे करायला सांगतो हेही सांगतो, आणि मग तो भल्या सकाळी उठून भाकर आणि पाण्याची एक मसक तिच्या खांद्यावर देतो. आईने माझ्या हातावर हात ठेवला. ‘‘येवढी ढोरं, येवढे उंट, अन् तिले पानी येकच मसक? काहून रे बाबू?’’ मी चाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे आणि बरीच उत्तरे तोंडपाठ आहेत, पण या प्रश्नाला एकही लागू पडेना. डबीत हागारेचे रडणे चांगले घेतले आहे. अभिनेत्रीने हंबरडा फोडलेला नाही, धनुष्याच्या टप्प्याइतके दूर बसलेल्या बाईचे रडणे जसे ऐकू यावे तसे ते दुरून येते.

हसण्याच्या बाबतीत मात्र मुद्रणाने अन्याय केला आहे, आणि तो साधा नाही. अठराव्या अध्यायात म्हातारपणी मुलगा होणार हे ऐकून सारा तंबूच्या दाराशी हसते, तेव्हा अभिनेत्री खो खो हसली आहे. मजकुरात ती मनातल्या मनात हसते. म्हणून तर ‘मी हसले नाही’ असे तिला म्हणता येते. याउलट सतराव्या अध्यायात ९९ वर्षांचा अब्राहाम जमिनीवर पालथा पडून हसतो, शंभराव्या वर्षी पोर होईल काय, नव्वद वर्षांची सारा बाळंत होईल काय असे मनाशी म्हणतो, तिथे मुद्रणात हसण्याचा मागमूस नाही. निवेदक ते वाक्य असे वाचतो की जणू साष्टांग नमस्कारच चालला आहे. बायको हसली तर अविश्वास आणि नवरा हसला तर भक्ती, अशी वाटणी शास्त्राने केलेली नाही. दोघेही हसले आणि मुलाचे नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’, असे पडले. ज्याने विश्वास ठेवला आणि तो त्याचे नीतिमत्त्व असा गणला गेला (हे पंधराव्या अध्यायातच सांगून झालेले आहे), तोच माणूस दोन अध्यायांनंतर देवासमोर पालथा पडून हसू शकतो. हे ऐकणाऱ्यापासून लपवले की अब्राहाम पुतळा होतो.

त्याच अठराव्या अध्यायाची सुरुवात मात्र या डबीतील सर्वांत जिवंत भाग आहे. भर दुपारी मम्रेच्या झाडांजवळ तंबूच्या दारात बसलेल्या अब्राहामाला तीन अनोळखी माणसे दिसतात आणि तो धावत जातो, सारेला घाई करतो, पुन्हा गुरांकडे धावतो, कोवळे वासरू निवडून देतो, दही-दूध आणतो, आणि पाहुणे जेवतात तोवर झाडाखाली उभा राहतो. बोलताना तो भाकरीच्या तुकड्याचे बोलला होता. मळायला लावले तीन मापे सपीठ, म्हणजे आजच्या हिशेबाने वीस लिटरांच्या वर. ‘घोटभर चहा घेऊन जा’ म्हणून बसवून घेणारे आणि मग पुरणाचा घाट घालणारे घर ज्याने पाहिले आहे त्याला हा माणूस परका वाटत नाही. निवेदकाने इथे वाचनाची गती वाढवली आहे, मागे भांड्यांचा आवाज आहे, आणि म्हाताऱ्याची धाप ऐकू येते.

पाहुणे उठल्यावर, देव सदोमाचा नाश करणार हे कळल्यामुळे अब्राहामाने केलेली ती रदबदली येते : पन्नास नीतिमान असतील तर, पंचेचाळीस असतील तर, चाळीस, तीस, वीस, दहा. गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारले जात. त्या परंपरेत वाढलेल्या वऱ्हाडी कानाला हा संवाद आपोआप भिडतो, आणि डबीतही तो प्रत्येक आकड्याला आवाज थोडा खाली आणत छान रचला आहे. मी धूळ व राख आहे असे म्हणत अब्राहाम मागणे सोडत नाही. ज्या शहराच्या राजाकडून जोड्याचा बंदही घेतला नव्हता त्याच शहरासाठी तो देवाशी घासाघीस करतो.

आणि मग बाविसावा अध्याय, ज्यात देव अब्राहामाला इसहाकाचे होमार्पण करायला सांगतो. सदोमासाठी सहा वेळा बोललेला हा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्द बोलत नाही. भल्या सकाळी उठतो, तीच ती सकाळ, हागारेला काढले त्या दिवसासारखी. गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, तीन दिवस चालतो. त्या तीन दिवसांविषयी मजकुरात काहीही नाही. इसहाक एकदाच विचारतो की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमार्पणाचे कोकरू कुठे आहे. बाप म्हणतो, देव पाहून देईल. या सगळ्या कथेचे बळ त्या न बोलण्यात आहे. आणि नेमक्या त्या जागेत मुद्रण करणाऱ्यांनी बासरी, तंतुवाद्ये आणि मागून येणारा समूहस्वर ओतून ठेवला आहे, तो वाढत वाढत सुरी उचलण्यापर्यंत जातो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका दिसला की एकदम मंगल सुरावट सुरू होते. मला हे असह्य झाले. आमच्या घरी मयत झाली की आलेले लोक भिंतीला टेकून गप्प बसतात. तिथे कोणी पेटी वाजवायला काढत नाही. संगीत बंद करून नुसते वाचन ऐकण्याची सोय या यंत्रात नाही, ती पुढच्या आवृत्तीत असावी ही माझी पहिली सूचना आहे. मजकुराच्या शेवटी अब्राहाम चाकरांकडे परत येतो आणि इसहाकाचे नाव तिथे नाही, हेही त्या सुरावटीखाली बुडून जाते.

हा अध्याय लागला असताना शेजारचे चाचा दुधाचे पैसे द्यायला आले होते. ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकत राहिले. बकरी ईद ज्या घटनेची आठवण आहे ती हीच. कुराणात मुलाचे नाव दिलेले नाही आणि बहुतेक मुसलमान तो इस्माईल होता असे मानतात. चाचा म्हणाले, ‘‘गुरुजी, आमच्यात बाप आधी पोराला विचारतो.’’ खरेच, कुराणात इब्राहीम स्वप्न सांगून मुलाचे मत विचारतो आणि मुलगा होकार देतो. उत्पत्तीत तसे विचारणे नाही. आईने खाटेवरूनच विचारले, ‘‘अन् त्याच्या मायले?’’ त्यावर चाचांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले.

कारण लगेच पुढच्या, तेविसाव्या अध्यायात सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात मरते. माझ्या मते या डबीचे अर्धे मोल या एका अध्यायात वसूल होते. प्रेताजवळून उठून अब्राहाम हित्ती लोकांसमोर येतो, मी तुमच्यात परका आणि उपरी आहे म्हणतो, आणि पुरण्यापुरती जागा विकत मागतो. एफ्रोन सर्वांदेखत सांगतो की शेत फुकट घ्या, गुहाही घ्या. मग सहज बोलल्यासारखे सांगतो की चारशे शेकेल रुप्याची जमीन, तुमच्या-माझ्यात तिचे काय एवढे! एफ्रोनाचा आवाज देणारा कलावंत कोण आहे हे मला ठाऊक नाही, पण त्याने कधीतरी बाजार समितीच्या आवारात दिवस काढले असावेत. ते ‘काय एवढे’ त्याने असे म्हटले आहे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशावर जावा. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर ही रक्कम साडेचार किलो रुप्याच्या आसपास जाते. यिर्मया संदेष्ट्याने पुढे अनाथोथातले शेत १७ शेकेलांना घेतल्याची नोंद शास्त्रातच आहे, त्या शेताचा आकार आपल्याला माहीत नसला तरी चारशेचा आकडा कानाला बोचतो. सदोमासाठी पन्नासावरून दहावर आलेला माणूस इथे एका शेकेलाचीही घासाघीस करत नाही, लोकांपुढे दोनदा नमतो आणि रुपे तोलून देतो.

आणि त्यानंतर जे वाक्य येते ते ऐकून गावातला कोणीही ताठ बसेल : मम्रेसमोरच्या मकपेल्यातील एफ्रोनाचे शेत, त्यातली गुहा, शेतातली आणि सभोवारच्या सीमेवरची सगळी झाडे, वेशीत जमलेल्या लोकांसमक्ष अब्राहामाच्या मालकीची झाली. हे चक्क खरेदीखत आहे. चतुःसीमा, झाडे, साक्षीदार, सगळे आहे. फक्त सातबाराचा उतारा जोडायचा राहिला आहे. ज्याला सबंध देशाचे वचन होते त्याच्या नावावर हयातीत एवढीच जमीन चढली, आणि तीही कबरेची. आमच्या नऊ घरांना गावाबाहेर पुरण्याची जागा मिळवायला माझ्या वडिलांनी किती खेटे घातले ते मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे हा अध्याय मला निव्वळ कथा म्हणून ऐकता येत नाही. हेब्रोनला अरबीत ‘अल-खलील’, म्हणजे मित्र, म्हणतात. देवाचा मित्र हे अब्राहामाचे नाव तिन्ही धर्मांनी जपले आहे.

चोविसावा अध्याय ६७ ओव्यांचा, उत्पत्तीतला सर्वांत लांब, आणि चाकर, रिबका, विहीर, उंट यांचा. तो आवडेल सर्वांना. लहान मुलांना घेऊन ऐकावा. अब्राहाम त्यात थोडाच आहे.

घ्यावी की नाही, असे मला तिघा-चौघांनी विचारले आहे. ज्या घरात वाचू न शकणारे म्हातारे माणूस आहे त्यांनी अवश्य घ्यावी, मात्र दुकानातच कार्ड लावून मधले दोन-चार अध्याय वाजवून पाहावेत आणि विक्रेत्याकडून पावती घ्यावी. ज्याला स्वतः वाचता येते त्याने अब्राहामासाठी तरी आधी छापील शास्त्रच उघडावे आणि मग डबी ऐकावी, म्हणजे कुठे कलावंताने भर घातली ते कळेल. तरुणांना मोबाईलवर हेच मुद्रण सापडते, त्यांना १,३५० रुपये घालण्याचे कारण नाही.

परवा रात्री लाईट नव्हती. आई आणि मी पंचविसावा अध्याय ऐकत होतो. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन, पुऱ्या वयाचा म्हातारा होऊन मरतो, आणि त्याचे मुलगे इसहाक आणि इश्माएल त्याला मकपेल्याच्या गुहेत पुरतात. मुद्रणात हे वाक्य अर्ध्या मिनिटात निघून जाते, त्याला ना संगीत ना विराम. आईने डबी बंद करायला लावली.

‘‘इश्माएलाले सांगावा कोनं धाडला असन?’’

आपल्या ऐकण्यातून काही निसटले असेल म्हणून मी डबी पुन्हा चालू केली. प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली, असे निवेदक सांगू लागला. आई म्हणाली, ‘‘राहू दे. त्या पुस्तकात पाह्य.’’ मी टॉर्च लावून काळ्या पुठ्ठ्याचे शास्त्र काढले आणि तिला तो अध्याय वाचून दाखवला. निरोप कोणी पाठवला ते त्यातही नव्हते.